गोड्या पाण्याचे झाकण आणि त्याखालची घुसळण : रत्नागिरीसमोरच्या मोजणीच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट : काय मोजायचे

पाऊस ओसरू लागला की रत्नागिरीसमोर दोन पाणी एकावर एक बसतात. वर काजळी, शास्त्री या नद्यांनी आणि थेट पावसाने पातळ केलेले गोडसर पाणी. खाली, नैर्ऋत्य मोसमी काळात खोलातून किनाऱ्याकडे चढून आलेले थंड, खारे आणि प्राणवायू कमी असलेले पाणी. हे चढणे केरळकडे जोरदार असते, उत्तरेकडे येताना क्षीण होते. समुद्रशास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली भारताच्या पश्चिम उथळ समुद्रातल्या या प्राणवायूच्या तुटवड्याकडे जगाचे लक्ष वेधले. गोव्यात कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून एकाच ठिकाणी हे पाणी मोजत आली आहे.

वरचा प्राणवायू खाली जायचा तर घुसळण लागते आणि वरच्या गोडसर पाण्याचे झाकण नेमकी तीच अडवते. हा अडथळा किती घट्ट आहे आणि तो कधी, कशाने सुटतो हे मोजायचे आहे. जागा : मिरकरवाडा बंदराबाहेर २० मीटर खोली, म्हणजे ११ वाव. काळ : सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत.

घुसळणीचे माप म्हणजे ऊर्जाक्षय दर : एका किलो पाण्यातल्या खळबळीची किती ऊर्जा दर सेकंदाला घर्षणाने उष्णता होऊन जाते. एकक वॉट प्रति किलो. पुढे नुसते 'उणे ८' लिहिले असेल तर १० चा उणे ८ वा घात समजावा. शांत समुद्रात हा दर उणे ९ च्या आसपास असतो, वाऱ्याने ढवळलेल्या वरच्या थरात उणे ७ ते उणे ६. सर्वांत लहान भोवऱ्याचे माप उणे ८ ला सुमारे ३ मिलिमीटर आणि उणे ६ ला १ मिलिमीटर. उपकरण किती बारीक हवे ते इथेच ठरते.

२० ऑगस्ट : नळी आणि झाकणे

७५ मिमी बाहेरच्या व्यासाची जाड पीव्हीसी नळी, लांबी ८० सेंमी. दोन्ही टोकांना ॲसिटलची, म्हणजे कडक प्लॅस्टिकची, कातलेली झाकणे, प्रत्येकावर दोन ओ-रिंगा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या. घनफळ साडेतीन लिटर. २० मीटरवर बाहेरचा दाब फक्त २ बार जास्त असतो, त्यामुळे नळी फुटण्याची चिंता नाही. चिंता ओ-रिंगेची. खोबणीत वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरते. खोबणी कापसाने नव्हे, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. सिलिकॉन ग्रीस इतकेच लावावे की रिंग चमकेल. जास्त ग्रीस वाळू धरून ठेवते.

चाचणी : आत इलेक्ट्रॉनिक्स न घालता टिश्यू कागद आणि वजन भरून नळी खोल पाण्यात अर्धा तास सोडली. कागद कोरडा. प्रत्येक फेरीआधी कागद घालण्याची सवय ठेवली आहे. चार आण्याचा कागद, पण गळती पहिल्यांदा तोच सांगतो.

२९ ऑगस्ट : इलेक्ट्रॉनिक्स

- तापमान : काचेच्या टोकाचा जलद थर्मिस्टर (विजेच्या रोधावरून तापमान सांगणारा संवेदक), एफपी-०७ जातीचा, प्रतिसाद सुमारे १० मिलिसेकंद.
- क्षारता : चार इलेक्ट्रोडचा वाहकता सेल. पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून क्षारता काढायची.
- दाब : एमएस५८३७ संवेदक, ३० बारचा, बारकावा पाण्याच्या सुमारे २ मिमी इतका.
- वाचन : २४ बिटचा एडीसी (संवेदकाचा विद्युतदाब आकड्यांत बदलणारा भाग), सेकंदाला २०० नोंदी.
- साठवण : टीन्सी या लहान संगणक-बोर्डावर एसडी कार्ड. वीज १८६५० लिथियम सेलची.

पहिली अडचण कार्डाची. कार्ड मधूनच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडते आणि तेवढ्या नोंदी गळतात. आलेखावर ही गळती पाण्यातल्या खऱ्या पायरीसारखी दिसते, म्हणून ती धोक्याची. उपाय : फाइल आधीच पूर्ण आकाराची करून ठेवायची आणि स्मृतीत एक सेकंदाचा राखीव साठा ठेवायचा. शिवाय प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा. क्रमांक तुटला तर तेवढा भाग हिशोबातून बाद.

थर्मिस्टरचे टोक बोटाने कधीही पुसू नये. गोड्या पाण्याची धार पुरते. टोकाभोवती ४ मिमीच्या ३१६ स्टीलच्या सळ्यांचा पिंजरा केला आहे. टोक पिंजऱ्याच्या कडेपासून दोन सेंमी पुढे ठेवले, नाहीतर सळ्यांनी ढवळलेलेच पाणी मोजले जाते.

५ सप्टेंबर : तोल

उपकरण सेकंदाला ०.६ मीटर वेगाने पडायला हवे होते. मागे ब्रशची शेपटी लावल्यावर त्यासाठी पाण्यात सुमारे १५० ग्रॅम वजन उरावे लागते. तोल विहिरीत साधला आणि ताणकाट्यावर १५० ग्रॅम बरोबर आले. जेट्टीवरून समुद्रात सोडल्यावर मात्र ते ०.३७ मीटरनेच उतरू लागले.

कारण साधे आहे. विहिरीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्या घनतेत दर घनमीटरला सुमारे २६ किलोचा फरक. साडेतीन लिटरच्या वस्तूला समुद्र ९२ ग्रॅम जास्त उचलून धरतो. १५० मधून ९२ गेले की ५८ उरतात आणि वेग वजनाच्या वर्गमुळाने बदलतो. यापुढे तोल मिठाच्या पाण्यातच : २०० लिटरच्या पिंपात ७ किलो मीठ, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळून, मग घनतामापीने तपासून. पिंपाची उंची ८८ सेंमीच्या आसपास असते. नळी ८० सेंमीची ठेवली ती यासाठीसुद्धा.

२१ सप्टेंबर : पहिल्या फेऱ्या

भाद्रपद पौर्णिमा नुकतीच झाली, उधाण, म्हणजे मोठ्या भरतीचे दिवस, चालू. भरतीचा अंदाज नेहमीच्या रीतीने : तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीचा तास. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातून घेतली.

पद्धत सोपी धरली होती. घनतेचा उभा आलेख काढायचा, जड पाणी हलक्याच्या वर आलेले दिसले की ते उलटे पडलेले पाणी, म्हणजे घुसळणीची खूण. नोंदी घनतेप्रमाणे क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक नोंदीला किती सरकावे लागले ते मोजायचे. ही समुद्रशास्त्रज्ञ थॉर्पची १९७७ ची रीत. त्या अंतरावरून ऊर्जाक्षय काढता येतो.

नुसत्या तापमानावर ही रीत इथे चालत नाही. रात्री थंड झालेले गोडसर पाणी खालच्या उबदार खाऱ्या पाण्यावर आरामात बसून राहते. तापमानाचा आलेख उलटा, घनतेचा मात्र सरळ. क्षारतेच्या एका एककाने (किलोमागे एक ग्रॅम मीठ) घनतेत जो फरक पडतो तो पडायला तापमान सुमारे अडीच अंश बदलावे लागते. तापमानावर विसंबलो तर मीटर-मीटरची खळबळ 'दिसते', आणि ती खोटी असते. कोकणासमोर पावसाळ्यानंतर क्षारता मोजल्याशिवाय घुसळणीबद्दल काहीही बोलू नये, हे ठामपणे लिहून ठेवत आहोत.

क्षारता घेतली तर दुसरा त्रास. वाहकता सेल थर्मिस्टरच्या ४ सेंमी मागे आहे. ०.६ मीटर वेगाने ते अंतर कापायला ६७ मिलिसेकंद लागतात, म्हणजे १३ नोंदींचा उशीर. शिवाय सेलमधले जुने पाणी निघून जायला वेळ लागतो. तापमान झपाट्याने बदलते तिथे या उशिरामुळे क्षारतेत खोटे काटे उभे राहतात. तापमानातली ०.१ अंशाची चूक क्षारतेत सुमारे ०.०७ ची होते. घनतेत त्यातून ०.०५ किलो प्रति घनमीटरची खोटी उडी येते, तर त्याच ०.१ अंशाचा खरा परिणाम ०.०३ असतो. चूक खऱ्यापेक्षा मोठी.

दुरुस्ती : आधी दोन्ही आलेख १३ नोंदींनी जुळवायचे, मग जलद थर्मिस्टर मुद्दाम मंद करायचा, वाहकतेच्या गतीइतका. अनेकजण उलट करतात, मंद संवेदकाला गणिताने जलद करतात. त्यात गोंगाट फुगतो.

२४ सप्टेंबर : हिशोब, आणि रीत बदलण्याचा निर्णय

काटे काढल्यावर घनतेत उरलेला गोंगाट ०.०२ किलो प्रति घनमीटर धरला. आता झाकणाचा नमुना घेऊ : वरचे ५ मीटर क्षारता ३२ आणि २८ अंश, खाली क्षारता ३५ आणि २४ अंश, मधला बदल २ मीटरांत. घनतेतला फरक सुमारे ३.५ किलो प्रति घनमीटर. उत्प्लावन वारंवारता सेकंदाला ०.१३ रेडियन. त्या सीमेवरचे पाणी खालीवर हलवले तर ते सुमारे ४८ सेकंदांत एक झोका पूर्ण करते. समुद्राच्या मानाने हा फार ताठ स्प्रिंग आहे.

अशा सीमेवर ऊर्जाक्षय उणे ७ असला तरी पाणी जेमतेम ७ मिलिमीटर उलटू शकते. आमचा थर्मिस्टर ०.६ मीटर वेगाला ६ मिलिमीटर पाहतो. म्हणजे झाकणात उलटे पाणी असूनही दिसणार नाही. वरच्या एकजीव थरात गोष्ट उलटी. तिथे घनतेचा उतार इतका कमी की ०.०२ चा गोंगाटच मीटर-मीटरचे उलटे पाणी दाखवतो. झाकणात नजर अपुरी, वर गोंगाट जास्त. थॉर्पची रीत या जागेसाठी आमच्या उपकरणाने जमणार नाही. तीन आठवड्यांचे काम तिच्या भरवशावर झाले होते, पण आकडे स्पष्ट आहेत.

कर्तनवेग, म्हणजे लगतच्या पाण्यांमधला वेगाचा फरक, मोजणारा प्रोब हा सरळ मार्ग. ऑस्बर्नने तो १९७० च्या दशकात समुद्रात वापरात आणला. पण तो आणि त्याचे यंत्र या प्रकल्पाच्या आवाक्याबाहेर आहे. उरतो तिसरा मार्ग : तापमानाच्या उताराचा वर्णपट, म्हणजे किती लांबीच्या चढउतारांत किती जोर आहे ते. खळबळ जितकी जोराची, तितक्या बारीक तापमानाच्या सुरकुत्या. त्या कुठे पुसट होतात त्यावरून ऊर्जाक्षय काढायचा. उणे ८ ला ही हद्द सुमारे ७ मिमी, उणे ७ ला ४ मिमी. ०.६ मीटर वेग त्यासाठी जास्त आहे. वेग कमी करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय.

२८ सप्टेंबर : खालून वर

वेग कमी करायचाच तर दिशाही बदलू. वरून सोडलेले उपकरण पहिले मीटर-दीड मीटर हेलकावत स्थिरावते. झाकणच ५ मीटरचे असताना एवढे गमावणे परवडत नाही. शिवाय बोटीचा तळ दीड मीटर पाण्यात असतो आणि पंखा झाकण ढवळून टाकतो. बोटीच्या कडेला घेतलेली मोजणी ही बोटीने केलेल्या घुसळणीची मोजणी असते.

नवी मांडणी :

उपकरण थोडे तरंगते करायचे, संवेदक वरच्या टोकाला. खाली सुती पिशवीत एक किलो वाळू, ती उपकरणाला तळाशी नेते. मग पिशवी सुटते आणि उपकरण सावकाश वर येते, पृष्ठभागाला टेकेपर्यंत मोजत. पण तळाला टेकताच पिशवी सुटली तर उपकरण स्वतःच्याच उतरण्याने ढवळलेल्या पाण्यातून वर येईल. थोडा वेळ थांबणे भाग आहे. त्यासाठी खडीसाखर. दोरीची गाठ कडीतून निसटू नये म्हणून मधे १०-१२ मिमीचा खडा अडकवायचा. खडा विरघळला की गाठ निसटते. बादलीतल्या चाचण्यांत खड्याच्या आकारानुसार पाच ते बारा मिनिटे लागली. ०.१ मीटर वेगाचा प्रवाह पाच मिनिटांत ढवळलेले पाणी ३० मीटर दूर नेतो. खडा ओल्या हाताने धरू नये, आणि डबा हवाबंद हवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो पृष्ठभागावर पाघळतो आणि वेळ चुकते.

परत मिळवण्याची दोरी : २ मिमीची दोरी चालणार नाही. त्याच ०.१ मीटर प्रवाहात २० मीटर दोरीवर सुमारे २५ ग्रॅमचा ओढा पडतो आणि उपकरण तिरके होते. ०.५ मिमीच्या तंगुसावर, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन धाग्यावर, ओढा सहा ग्रॅम. ४० मीटर तंगूस आणि नारंगी बोया. उपकरण वर आले तरी पाण्याबाहेर जेमतेम अर्धा सेंमी राहते, त्यामुळे बोयाशिवाय ते दिसण्याची आशा धरू नये.

मोजणी बोटीवरून नाही. वल्ह्याची लहान होडी वाऱ्याला आडवी ४० मीटर बाजूला न्यायची आणि उपकरण तिथून सोडायचे. बोटीचे इंजिन तोवर बंद.

३ ऑक्टोबर : उपकरण झाकणाखाली थांबले

सर्वपित्री अमावास्या काल झाली. वर येण्याचा वेग ०.१५ मीटर ठेवला होता. त्याला पाण्यात फक्त ९ ग्रॅम उचल लागते. तळापासून सरळ चढले. मग दाबाची रेघ आडवी झाली. झाकणाच्या तळाशी उपकरण तरंगत राहिले, खाली-वर हलत. तंगुसाने ओढून काढावे लागले.

संवेदक, बॅटरी, गळती सगळे तपासले, पण उत्तर तोलातच होते. घनता ३.५ किलोने कमी असलेल्या पाण्यात साडेतीन लिटरची वस्तू १२ ग्रॅम उचल गमावते. आपल्याकडे होते ९. झाकणात शिरताच उपकरण जड झाले. खालून आलेला भोवरा या सीमेवर जसा अडतो तसेच ते अडले, आणि अडण्याचे कारणही तेच. ही फेरी बाद न करता ठेवली आहे. उपकरण थांबले ती खोली आणि त्याचे हेलकावे यांतून झाकणाची घनता थेट मिळते. वाहकता सेलच्या मापाला हा स्वतंत्र पडताळा आहे.

तोडगा : वेग ०.३ मीटर, उचल ३७ ग्रॅम. झाकणात २५ उरतात आणि वेग ०.२५ च्या आसपास येतो. १० मिलिसेकंदांत थर्मिस्टर ३ मिमी पाहतो. उणे ८ व्यवस्थित दिसेल, उणे ७ प्रतिसादाची दुरुस्ती करून कडेवर, त्याहून जोराची खळबळ नाही. हिशोबात वेग स्थिर धरू नये. प्रत्येक मीटरला दाबावरून काढावा, नाहीतर नेमक्या झाकणातल्या सुरकुत्यांची लांबी वीस टक्क्यांनी चुकेल.

१० ऑक्टोबर : भांग

अश्विन शुद्ध अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांग, लहान भरतीचे दिवस. प्रवाह मंद. सकाळी मतलई वारा, दुपारनंतर खारा वारा. सकाळी चार फेऱ्या, दुपारी तीन.

दुपारच्या एका फेरीत तापमानाचा उतार अचानक गुळगुळीत झाला. खळबळ थांबली असे वाटते, पण ती संवेदकाची खूण आहे. टोकावर जेलीफिशचा तंतू अडकला होता आणि थर्मिस्टर मंद झाला होता. ओळखण्याची रीत : खरी शांतता असेल तर खोल पाणी शांत आणि पृष्ठभागाजवळचे खवळलेले दिसते. टोक बरबटले तर वरपर्यंत सगळेच गुळगुळीत दिसते. या महिन्यात प्रत्येक फेरीनंतर टोक भिंगाने पाहावे.

उरलेल्या फेऱ्यांत चित्र एकसारखे : वरच्या थरात तापमानाचा उतार दातेरी, म्हणजे खळबळ चालू, झाकणाच्या तळाशी एकदम गप्प, आणि तळाच्या चिखलाजवळ पुन्हा दातेरी. मधले पाणी ना वाऱ्याला मिळते ना तळाच्या घर्षणाला.

१८ ऑक्टोबर : उधाण

कोजागिरी नुकतीच झाली. घर्षणातून मिळणारी ऊर्जा प्रवाहाच्या घनाने वाढते. उधाणाचा प्रवाह भांगाच्या दीडपट धरला तर ऊर्जा ३.४ पट. तळाजवळचा दातेरी भाग भांगापेक्षा उंच चढलेला दिसला, झाकणापर्यंत मात्र पोहोचला नाही. सीमा फाटायला रिचर्डसन अंक, म्हणजे थराचा ताठपणा भागिले वेगफरकाचा जोर, पावच्या खाली आणायचा तर २४ सप्टेंबरच्या नमुन्यातल्या सीमेवर २ मीटरांत सेकंदाला अर्ध्या मीटरचा वेगफरक लागतो. तो भरतीच्या ऐन वेगातच मिळाला तर मिळेल. म्हणून फेऱ्या ओहोटी-भरतीच्या मध्यावर घ्याव्यात. भरती पूर्ण झाल्यावर सगळे सोयीचे असते, पण मोजण्यासारखे काही उरत नाही.

२६ ऑक्टोबर : वारा किती दिवसांत झाकण मोडेल

त्याच नमुन्यावर हिशोब. वरचे ५ मीटर खालच्या १५ मीटरमध्ये पूर्ण कालवायला दर चौरस मीटरला सुमारे १,३०० ज्यूल लागतात. वारा पाण्याला जे घर्षण देतो त्यातला घुसळणीसाठीचा वाटा काढताना गुणांक ०.५ धरला. त्यात दुप्पट-निम्मा फरक होऊ शकतो.

सेकंदाला ५ मीटर वारा अखंड वाहिला तर सुमारे १२० दिवस. १० मीटर वाहिला तर १५ दिवस. दुप्पट वारा, आठपट काम.

दुपारचे चार-पाच तास वाहणारा खारा वारा हे काम एकटा करू शकत नाही. रात्रीची थंडीही नाही. झाकण नुसते थंड करून बुडवायचे तर ते सुमारे तेरा अंश थंड व्हावे लागेल. रात्री दर चौरस मीटरला १५० वॉट उष्णता गेली तर झाकणाच्या आत उणे ७ च्या किंचित खाली खळबळ माजते. ती झाकणाला आतून एकजीव करते, पण तळातून फोडत नाही. मग झाकण जाते कसे? बाजूने. पाऊस थांबला की नद्यांचा पुरवठा आटतो आणि प्रवाह ते पाणी वाहून नेतात. झाकण पातळ झाले की अडवण्याची ताकद घटते आणि तोच वारा, तेच उधाण तेव्हा पुरे पडतात. एका जागी उभ्या मोजण्या करून एवढेच कळते. बाजूचा हिशोब धरायला उत्तर-दक्षिण आणखी दोन जागा हव्यात. पुढच्या हंगामासाठी गणपतीपुळे आणि पूर्णगड समोर, दोन्हीकडे २० मीटरवर.

९ नोव्हेंबर

दिवाळीनंतरच्या फेऱ्या. दातेरी उतार आता वरपासून अखंड खाली उतरतो, मधली गप्प पट्टी नाही. ०.१५ मीटरचा मंद तोल लावून पाहिला. उपकरण न थांबता वर आले.

वाहकता सेल काढायचा नाही. याच सुमारास किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वळतो आणि दक्षिणेकडून बंगालच्या उपसागराचे कमी खारे पाणी घेऊन येतो. ते इथवर कधी आणि किती पोहोचते ते पाहायचे आहे. डिसेंबरच्या फेऱ्यांसाठी तोल पुन्हा ३७ ग्रॅमवर. ओ-रिंगा नव्या घालायच्या. खडीसाखरेचा नवा डबा.